मोतीचा चौथा पाय

बालमित्रांनो,

या सदरासाठी तुमची पत्रं येतात, तेव्हा ती वाचताना मजा येते. कुणाला कविता दाखवायची असते, कुणाला शुद्धलेखनाची शंका असते, कुणी धाकट्या भावाची तक्रार लिहितं. पण परवा आलेलं एक पत्र मात्र मी दोनदा वाचलं. सातवीतल्या एका मुलीचं होतं. तिचं नाव-गाव मी छापत नाही, पण पत्रातला मुख्य भाग तुम्हांला सांगते.

‘बाई, आमच्या मोतीला टेम्पोनं उडवलं. त्याच्या मागच्या उजव्या पायाच्या हाडाचा चुरा झालाय. डॉक्टर म्हणतात, पाय काढावा लागेल. आजी म्हणते, मुक्या जिवाचे हाल करण्यापेक्षा देवानं त्याला उचललेलं बरं. बाबा काहीच बोलत नाहीत. तीन पायांवर मोती जगेल का? आणि मी हो म्हटलं आणि त्याचा पाय कापला, तर तो माझ्यावर कायमचा रागवेल का?’

तिला उत्तर मी त्याच दिवशी पाठवलं. थांबून चालणार नव्हतं. पण कुत्री तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आहेत, आणि टेम्पो तर सगळ्यांच्याच रस्त्यावर आहेत. म्हणून तेच उत्तर आज जरा सविस्तर, सगळ्यांसाठी.

आजीवर रागवू नका

पहिली गोष्ट. आजी असं बोलली म्हणून ती दुष्ट ठरत नाही, बरं का! तिच्या डोळ्यांसमोर कोण असेल? बैल, घोडा, गाय. अशा जड जनावराचा पाय मोडला, की सगळं अवघड होऊन बसतं. शेकडो किलोंचं ओझं तीन पायांवर किती दिवस पेलणार? आजीनं गोठ्यात जे पाहिलं, त्यावरून ती बोलते. फक्त तोच नियम कुत्र्याला लागू पडत नाही, एवढं तिला प्रेमानं सांगायचं.

का लागू पडत नाही? आपल्या घरातच पाहा. चार पायांचं टेबल जमीन थोडी उंचसखल असली, की डुगडुगतं. मग आपण कागदाची घडी त्याच्या पायाखाली सारतो. पण तिपाई कधी डुगडुगताना पाहिली आहे? तीन दगडांची चूल रानात कुठंही मांडा, पातेलं नीट बसतं. उभं राहायला तीन टेकू पुरतात. प्रश्न येतो तो चालताना, वळताना, पळताना तोल सांभाळण्याचा. तो मात्र शिकावा लागतो.

कुत्र्याच्या शरीराचं वजन चारही पायांवर सारखं नसतं. साधारण ६० टक्के पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर. म्हणजे १० किलोंच्या कुत्र्याचे ६ किलो पुढं आणि ४ किलो मागं. डोकं, मान, छाती ही सगळी जड मंडळी पुढंच राहतात ना! म्हणून मागचा पाय गेला, तर कुत्रं थोडं पुढं झुकून तोल साधतं आणि बहुधा लवकर सावरतं. पुढचा पाय गेला तर जरा जास्त कष्ट पडतात, पण तेही जमतं. मोतीचा पाय मागचा आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

पाय का काढायचा?

काही दुखापती अशा असतात, की हाड जोडताच येत नाही. कधी अपघातात पायाच्या नसा तुटतात. मग तो पाय नुसता लोंबतो, जमिनीवर घासतो, त्याला जखमा होत राहतात. कधी पायात तार किंवा दोरी घट्ट आवळून बसते, रक्त पोचत नाही आणि पाय सडतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना हाडाचा कॅन्सरही होतो, आणि तो बऱ्याचदा पायाच्या लांब हाडांत होतो. अशा वेळी तो पाय म्हणजे आधार नसतो, ती चोवीस तासांची वेदना असते. डॉक्टर पाय काढतात, म्हणजे ती वेदना काढतात.

पत्रातल्या मुलीला डॉक्टरांनी सांगितलं, की पाय अगदी वर, मांडीपासून काढणार. ती घाबरली. ‘थोडासाच का नाही कापत?’ असं तिनं विचारलं आहे. प्रश्न हुशारीचा आहे.

माणसाच्या बाबतीत डॉक्टर जितका पाय राखता येईल तितका राखतात, कारण उरलेल्या भागावर कृत्रिम पाय बसवायचा असतो. नर्तिका सुधा चंद्रन यांचं नाव तुमच्या आईबाबांना माहीत असेल. १९८१ साली अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढं ‘जयपूर फूट’ बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. गुडघा राहिला, त्याचा त्यांना उपयोग झाला.

कुत्र्याचं वेगळं आहे. अर्धा पाय ठेवला, तर तो तेवढ्यावरच टेकायला जातो. ते टोक जमिनीवर आपटतं, सोलवटतं, पुन्हा जखम होते. म्हणून बहुतेक वेळा डॉक्टर पाय वरूनच काढतात. पुढचा पाय असेल तर पुष्कळदा खांद्याच्या हाडासकट. दिसायला ते मोठं दिसतं, पण पुढं त्रास कमी होतो. हल्ली कुत्र्यांसाठीही कृत्रिम पाय आणि चाकांचे गाडे मिळतात. मात्र एकच पाय गेलेल्या बहुतेक कुत्र्यांना त्यांची गरज पडत नाही.

आता एक खरं तेही सांगते. प्रत्येक कुत्र्याला हे जमतंच असं नाही. कुत्रं फार म्हातारं असेल, खूप लठ्ठ असेल, बाकीचे पाय किंवा सांधेही दुखत असतील, तर डॉक्टर आधी विचार करतात. ते एक्स-रे काढतात, रक्त तपासतात, उरलेले तीन पाय हलवून पाहतात. कॅन्सर असेल, तर पाय काढूनही तो शरीरात इतरत्र पसरलेला असू शकतो. मग दुखणं थांबतं, पण आयुष्य फार लांब नसतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आमच्या कुत्र्याचं काय?’ शेजारच्या काकांच्या कुत्र्याचं उत्तर आपल्याला चालत नाही.

आणि बाबा का बोलत नसतील? कदाचित खर्चाचा विचार करत असतील. आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मुंबईला परळ, साताऱ्याकडं शिरवळ, शिवाय नागपूर, परभणी आणि उदगीर. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तर १९व्या शतकापासून जनावरांवर उपचार करतं आहे. मुंबईचे जुने लोक त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. खर्चाचा आकडा मुलांपासून लपवू नका. मुलं समजूतदार असतात, फक्त त्यांना विश्वासात घ्यावं लागतं.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे

समजा, ऑपरेशन झालं. मोती घरी आला. आता डॉक्टरांचं काम कमी आणि आपलं जास्त. नीट ऐका हं.

घरी आलेला मोती तुम्हांला ओळखीचा वाटणार नाही. एका बाजूचे केस भादरलेले असतील. टाक्यांची लांब रेघ दिसेल. त्याच्या आजूबाजूला सूज असेल, काळंनिळं असेल. तो कण्हेल, झोपेत दचकेल. भुलीच्या औषधाचा अंमल उतरेपर्यंत उगीचच रडल्यासारखा आवाज काढेल. पहिल्या दिवशी कदाचित जेवणार नाही. दोन-तीन दिवस शी होणार नाही, कारण तो नीट जेवलेला नसतो आणि काही दुखणं थांबवणाऱ्या औषधांनी तसं होतं. हे सगळं बघून घरातलं कुणीतरी म्हणेलच, ‘उगीच केलं बाई हे!’ तेव्हा धीर सोडायचा नाही. बरीच कुत्री एक-दोन दिवसांतच उठून उभी राहतात.

मात्र काही खुणा दिसल्या, की लगेच डॉक्टरांकडं. टाके उसवले, जखमेतून पू किंवा रक्त येऊ लागलं, घाण वास सुटला, पुन्हापुन्हा उलटी झाली, दिवसभर लघवीच झाली नाही, किंवा एका दिवसाहून जास्त काहीच खाल्लं नाही, तर वाट पाहू नका. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. त्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. म्हणून नुसता हात लावून ‘ताप आलाय’ असं ठरवू नका, थर्मामीटर डॉक्टरांना लावू द्या.

जखम चाटू द्यायची नाही. ‘कुत्र्याची जीभ म्हणजे औषध’ असं काही जण म्हणतात. ते खरं नाही. चाटून टाके निघतात, जखम चिघळते. म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी मोठी कॉलर घालतात. मोतीला ती आवडणार नाही. दाराला धडकेल, केविलवाणा चेहरा करेल. तरी ती काढायची नाही. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर अंघोळही बंद. जखमेवर हळद, राख, चुना, रॉकेल असलं काहीही लावायचं नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही द्यायची नाही. आपण ताप आल्यावर घेतो ती पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयब्युप्रोफेन, या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडू शकतं, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध, त्यांनी सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेले सगळे दिवस द्यायचं. ‘रडत नाही म्हणजे दुखत नाही’ असं समजून मध्येच बंद करायचं नाही. कुत्री दुखणं लपवतात. धाप लागल्यासारखा श्वास, थरथर, एका जागी न झोपणं, कान मागं पाडणं, या त्याच्या दुखण्याच्या खुणा. पाय नसलेल्या जागीही काहींना अचानक कळ येते आणि ती एकदम किंचाळतात. तसं वारंवार झालं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं.

घर थोडं बदलायचं

आपल्या घरातली फरशी चकचकीत असावी असं आईला वाटतं. मोतीला मात्र ती फरशी म्हणजे घसरगुंडी. त्याचा पाय सरकला, तो एकदा पडला, की त्याच्या मनात भीती बसते. म्हणून त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत गोणपाट, सतरंजी, रबरी पायपुसणं, जे असेल ते अंथरा. कडा दुमडणार नाहीत, असं बघा. गावाकडची सारवलेली जमीन असेल तर प्रश्नच नाही, तिथं पाय घट्ट रोवतो. जिन्यासमोर काहीतरी आडवं लावून वाट बंद करा. कॉटवर, सोफ्यावर उडी मारणं बंद.

झोपायला जुनी गोधडी चार पदरी करून द्या. पाण्याचं भांडं पाटावर किंवा विटेवर ठेवा. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला तर खाली वाकून पाणी पिणं फार अवघड जातं, तोंडावरच आपटतं बिचारं.

पहिल्या दिवसांत लघवीला नेताना एक पंचा किंवा जुनी ओढणी पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. झोळीसारखं. उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा. कुत्रा नर असेल तर कापडाचा दाब लघवीच्या जागेवर येऊ देऊ नका. हे काम मोठ्या माणसानं करायचं, मुलांनी पुढं उभं राहून हाक मारायची. मोती चार पावलं आला, की शाबासकी! मागचा पाय गेलेला नर पूर्वीसारखी तंगडी वर करायला जाईल आणि एखाद्या वेळी धडपडेल. हसू येईल तुम्हांला. हसा, पण त्याच्याबरोबर. थोड्या दिवसांत तो आपली युक्ती आपण शोधून काढतो.

टाके निघेपर्यंत फिरणं म्हणजे अंगणापर्यंत, तेही पट्टा बांधून. त्यानंतर डॉक्टरांना विचारून पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग हळूहळू वाढवायचं. एकदम लांब नेऊन दमवण्यापेक्षा थोडं थोडं बरं. नखं वेळच्या वेळी कापून घ्या, कारण वाढलेल्या नखांनी पाय घसरतो. उरलेल्या पायांचे तळवे रोज पाहा, काटा किंवा चीर नाही ना. त्या तिघांवर आता चौघांचं काम आहे!

म्हणूनच वजन वाढू द्यायचं नाही. ‘बिचारा आजारी आहे’ म्हणून आजी एक बिस्कीट देते, काका दुसरं, तुम्ही चोरून तिसरं. महिन्याभरात मोतीचा गोणपाट होतो आणि ते सगळं ओझं तीन पायांवर पडतं. हात फिरवल्यावर बरगड्या हाताला लागायला हव्यात, नुसत्या डोळ्यांना दिसायला नकोत. हे त्याचं साधं माप. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा ही तर कुत्र्याला विषासारखीच, ती कधीच नाहीत.

आणि एक गंमत सांगू? ज्या बाजूचा मागचा पाय गेला, त्या बाजूचा कान कुत्र्याला खाजवता येत नाही. कान खाजला, की तो मान तिकडं वाकवतो आणि मांडीचा उरलेला भाग भराभर हलवतो. त्याला वाटतं, आपण खाजवतोय. अशा वेळी तुम्ही जवळ जायचं आणि तो कान छान खाजवून द्यायचा. मोतीचा चौथा पाय व्हायचं म्हणजे हेच.

दुखऱ्या जिवाजवळ जाताना

लाडक्यांनो, एक इशारा. कितीही प्रेमळ कुत्रं असो, दुखत असताना ते चावू शकतं. ते वाईट नसतं, घाबरलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवसांत त्याला मिठी मारू नका. झोपेतून हलवून उठवू नका. आधी नाव घेऊन हाक मारा, त्याला दिसाल असे समोरून या, बसून हात पुढं करा. तो स्वतः जवळ आला तरच कुरवाळा. जखम साफ करणं, गोळी देणं, उचलणं ही मोठ्यांची कामं.

दात लागला किंवा नख ओरखडलं, तर लपवायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं, लगेच घरी सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही. आपल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली असावी, हे तर झालंच. रस्त्यावरचं अपघातात सापडलेलं कुत्रं दिसलं, तर मुलांनी स्वतः उचलायला जाऊ नये, मोठ्या माणसाला बोलावून आणावं.

‘लंगड्या’

आमच्या शाळेजवळ पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या काकांचा वाघ्या. त्याचाही मागचा पाय ट्रकखाली गेला आणि काढावा लागला. महिन्या-दीड महिन्यात वाघ्या पूर्वीसारखा गिरणीपासून शाळेच्या फाटकापर्यंत यायला लागला. पण मुलांनी त्याला नवं नाव दिलं होतं, ‘लंगड्या’. मधल्या सुट्टीत ‘ए लंगड्या, ये ये’ असा कालवा चालायचा. एकदा दळण घेताना काका मला म्हणाले, ‘बाई, त्याला काय, तो शेपूट हलवतच जातोय. पण मला लागतं हो.’

मी वर्गात भाषण दिलं नाही. खेळाच्या तासाला लंगडी घेतली. नियम एवढाच की मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि पाय न टेकता परत यायचं. चौथीचा वर्ग, ३१ मुलं. परत आली फक्त सहा. बाकीची मध्येच पाय टेकून, पोटऱ्या धरून बसली. तेवढ्यात वाघ्या फाटकातून आत आला आणि आपल्या चालीनं मैदान ओलांडून कुंपणाजवळच्या सावलीत जाऊन बसला. कुणी काही बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आपण दमलो, आणि तो रोज येतो!’ दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा वाघ्या झाला. तिघा-चौघांच्या तोंडून जुनं नाव यायचं अजून काही दिवस, पण मग बाकीचेच त्यांना गप्प करायचे.

मुलांनो, लंगडी हा खेळ आहे. ‘लंगड्या’ हे कुणाचं नाव नाही. कुत्र्याचंही नाही आणि माणसाचं तर नाहीच नाही.

आणि मोती रागवेल का?

पत्रातला शेवटचा प्रश्न राहिलाच. मोतीला ‘कुणी हो म्हटलं’ हे कळत नाही. सही कुणी केली, पैसे कुणी भरले, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला कळतं ते एवढंच, की खूप दुखत होतं, नंतर ते कमी होत गेलं, आणि त्या सगळ्या दिवसांत ओळखीचा आवाज आणि ओळखीचा हात जवळ होता. एखादे दिवशी औषधाची वेळ झाली, की तो तुम्हांला बघून कॉटखाली जाईल. तो राग नव्हे, गोळीचा कंटाळा! तुम्हीही सिरप बघून लपताच की.

आरशात पाहून ‘मी कसा दिसतो’ याचं दुःख कुत्री करत बसत नाहीत. तोल साधला, की ती पुन्हा चेंडूमागं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात फेथ नावाची कुत्री होती. २००२ सालचा तिचा जन्म. तिला पुढचे चांगले पाय नव्हतेच, ती मागच्या दोन पायांवर माणसासारखी चालायला शिकली आणि २०१४ पर्यंत जगली.

इंग्लंडमधल्या हाचीची गोष्ट तर मला फार आवडते. जानेवारी २०१२ मध्ये लंडनला रेल्वेच्या रुळांवर आगगाडीखाली तो सापडला. त्याचा मागचा एक पाय गेला, शेपटीही काढावी लागली. एका कुटुंबानं त्याला घरी आणलं. त्या घरात एक लहान मुलगा होता. त्याला एक दुर्मीळ आजार होता, त्याचे स्नायू सतत ताठलेले असत. त्यामुळं तो चाकाच्या खुर्चीचा आधार घेई आणि अनोळखी लोकांत जायला लाजे. हाची आला आणि तो मुलगा त्याच्याबरोबर बाहेर पडू लागला, लोकांना आपल्या कुत्र्याविषयी सांगू लागला. २०१३ मध्ये क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात दोघांच्या मैत्रीला पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये हाची वारला. पण कुणी कुणाला आधार दिला, हे तुम्हीच ठरवा.

या आठवड्याचा उपक्रम

घरात आजारी जनावर असेल, तर एक जुनी वही घ्या आणि रोज सहा रकाने भरा: काय खाल्लं, पाणी किती प्यालं, लघवी-शी झाली का, औषध किती वाजता दिलं, जखम कशी दिसते, किती मिनिटं चाललं. कामं वाटून घ्या. पाणी भरणारा एक, सतरंजी झटकणारा एक, वही लिहिणारा एक. औषध आई किंवा बाबा देतील. डॉक्टरांकडं जाताना वही बरोबर न्या. ‘बरं आहे’ असं नुसतं सांगण्यापेक्षा त्या वहीतून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं. आणि पंधरा दिवसांनी पहिलं पान उघडून पाहिलंत, तर तुम्हांलाही कळेल, की रोज पाहताना न दिसलेली सुधारणा किती झाली आहे.

ज्यांच्या घरी जनावर नाही, त्यांनीही हिरमुसून जाऊ नका. उन्हाळा असो की पावसाळा, दाराशी पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा, रोज धुऊन भरा. आणि एकदा संध्याकाळी अंगणात लंगडीचा डाव मांडा. किती पावलांनी पाय टेकावासा वाटतो, ते मोजा आणि मला कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमची,
बाई